ओटीवरची मंडळी आणि माजघरातले कागद



या वेळचा विषय जरा रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवते. गडावरचं धुकं, पावसाळी रानभाज्या असलं काही वाचायच्या बेताने आला असाल तर आज निराशा होईल. आज लिहायचंय ते संगणकावरच्या प्रोग्रॅमांना घातलेल्या कुंपणाबद्दल आणि त्या कुंपणाला ठेवलेल्या दारांबद्दल. नातेवाईक मंडळींनी मात्र कंटाळा आला तरी वाचायचंच. ज्या कागदांमुळे मी या भानगडीत पडले त्यातले निम्मे तुमचे आहेत.

कागदांची कथा तुम्हाला ठाऊक आहे, तरी नव्या वाचकांसाठी थोडक्यात. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी दोघी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या आणि खालच्या मजल्यांवर ज्यांचं जे होतं ते गेलं. आपल्या तालुक्यातलं तळीये त्याच दिवशी दरडीखाली गेलं. त्यामुळे भिजलेल्या कागदांचं दुःख तेव्हा कुणापाशी बोलायची सोय नव्हती, इच्छाही नव्हती. पण नंतर दोरीवर वाळत घातलेले आणि माळ्यावरच्या ट्रंकेत वाचलेले सगळे कागद मी दोन वर्षं एकेक करून स्कॅन केले. सातबारे, फेरफार, खरेदीखतं, पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या शाळेतल्या तुकड्यांचे फोटो, मुलांची पत्रं. मग "आत्या, आमचीही एक प्रत तुझ्याकडे असू दे" म्हणत तुम्ही मंडळींनी आपापले जन्मदाखले, आधार, पॅन, पासबुकांची पहिली पानं पाठवलीत. ते सगळं मिळून आता अकरा जीबी झालंय आणि माझ्या संगणकावर 'कागदपत्र' नावाच्या एका फोल्डरात बसलंय. (शुद्ध मराठीवाल्यांनी फाईलला धारिका म्हणावं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण फाईलला फाईलच म्हणणार.)

संगणक जुना. विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, विंडोज ११ माझ्या यंत्राला चालेना, आणि चालतं यंत्र भंगारात घालायला जीव होईना. पोलादपुरात माझा एक जुना विद्यार्थी मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं. "बाई, अजून पाच वर्षं पळेल," म्हणाला. पळतंय खरं. पण त्याने घातलेले काही प्रोग्रॅम जरा निराळ्या जातीचे होते, आणि माझी उत्सुकता तिथून सुरू झाली.

आधी जुना रिवाज सांगते. विंडोज असो की लिनक्स, संगणकावर वर्षानुवर्षं नियम हा, की मी जो प्रोग्रॅम सुरू करीन त्याला माझे सगळे अधिकार मिळणार. मी जी फाईल वाचू शकते ती तो वाचू शकतो, मी जी पुसू शकते ती तो पुसू शकतो. वेळ घालवायला पत्त्यांचा खेळ उतरवून घेतला, तर त्या खेळाला तुमची खरेदीखतं वाचायची पूर्ण मुभा! तो वाचत नाही ही त्याची सभ्यता. हा नियम केला तेव्हा तो फारसा चूकही नव्हता, कारण तेव्हा एका मोठ्या यंत्रावर अनेक माणसं काम करीत आणि भीती होती ती एका माणसाने दुसऱ्याच्या फायली पाहण्याची. आपणच आणलेला प्रोग्रॅम आपल्याविरुद्ध जाईल हा विचार नंतरचा.

लिनक्सवर यावरचा जो उपाय माझ्या यंत्रावर आहे त्याचं नाव फ्लॅटपॅक. अलेक्झांडर लारसन नावाच्या प्रोग्रॅमरने हे काम सुरू केलं, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. २०१६ साली ते फ्लॅटपॅक झालं आणि २०१८ साली त्याची १.० आवृत्ती आली. असाच दुसरा प्रकार उबुंटूवाल्यांचा, स्नॅप नावाचा. उबुंटूच्या २०२२ च्या आवृत्तीपासून तर फायरफॉक्स स्नॅपच्या रूपातच येतो. दोन्हींतला विचार एकच आहे. प्रोग्रॅमला त्याच्यापुरती एक खोली बांधून द्यायची. त्याला लागणारं सगळं सामान त्याने आपल्याबरोबर आणायचं. खोलीबाहेरचं घर त्याला बंद. बंद म्हणजे 'जाऊ नये' अशी पाटी लावलेलं बंद नव्हे. लिनक्सचा गाभाच त्याला असं चित्र दाखवतो की बाहेर घर नाहीच. 'कागदपत्र' नावाचं फोल्डर त्याच्या जगात अस्तित्वातच नसतं.

आता यात अडचण उघड आहे. ज्या प्रोग्रॅमला माझ्या फायली दिसत नाहीत, तो माझ्या काय कामाचा? पत्र वाचायचा प्रोग्रॅम आणि पत्राला हात लावायची बंदी!

तर इथे ती दारं येतात. त्यांना पोर्टल म्हणतात, आणि ही युक्ती मला इतकी आवडली की मी दोन दिवस येईल त्याला सांगत होते. प्रोग्रॅममध्ये आपण 'फाईल उघडा' म्हटलं की जी खिडकी समोर येते, फोल्डरांची यादी असलेली, ती आपल्याला त्या प्रोग्रॅमचीच वाटते. फ्लॅटपॅकमध्ये ती त्याची नसते. ती खिडकी बाहेरची, घरची यंत्रणा काढते. यादी मला दिसते, प्रोग्रॅमला दिसत नाही. मी त्यातली एक फाईल निवडते, आणि तेवढी एकच फाईल घरची यंत्रणा आत सरकवते. प्रोग्रॅमला कळतं ते इतकंच, की मला ही फाईल मिळाली. तिच्या शेजारी काय होतं, वरच्या फोल्डरात काय होतं, त्याला पत्ता नाही. पत्त्यावरून आठवलं, त्याला फाईलचा खरा पत्ताही सांगत नाहीत. भलत्याच एका तात्पुरत्या फोल्डराचा, मध्ये निरर्थक अक्षरं-आकडे असलेला पत्ता देतात.

आपल्याकडच्या जुन्या घरांत ओटी, मग पडवी, मग माजघर. कामासाठी आलेला परका माणूस ओटीवर बसायचा. त्याला जमिनीचा कागद बघायचा असेल तर घरचं माणूस आत जायचं, ट्रंक उघडून नेमका तोच कागद काढून ओटीवर आणायचं. आलेला माणूस ट्रंकेपाशी जात नसे, आणि ट्रंकेत आणखी काय आहे हे त्याला समजतही नसे. पोर्टल म्हणजे हेच. "आत येऊ का?" असं कुणी विचारत नाही, त्यामुळे हो-नाहीचा प्रश्न नाही. मी कागद आणून हातात दिला, यातच परवानगी आली.

हा दाखला मी माझ्या विद्यार्थ्याला दिला तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "बाई, आमच्या आजोबांना ओटीच्याही खाली अंगणात उभं करायचे." मी म्हटलं, ते मी विसरलेली नाही. महाडात राहून विसरता येत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोल्यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ साली केला, आणि तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, बाबासाहेबांना हजारोंना घेऊन चालत जावं लागलं. आणि त्यानंतरही कज्जा हायकोर्टात १९३७ सालापर्यंत चाललाच. माणसाला जन्मावरून उंबऱ्याबाहेर ठेवणं आणि प्रोग्रॅमला फायलींबाहेर ठेवणं या दोन गोष्टींची तुलना करायची नाही. प्रोग्रॅमला अपमान नसतो. तेव्हा ओटीचा दाखला फक्त ट्रंकेपुरता घ्या, माणसांपुरता नको. तो म्हणाला, "चालेल बाई, ट्रंकेपुरता चालेल." मग आम्ही चहा घेतला.

पण कागदावर दिलेली परवानगी आणि हातात आलेलं पाणी यांतलं अंतर ज्या गावाने पाहिलंय, तिथे 'आम्ही तुमची माहिती जपतो' असली लांबलचक निवेदनं वाचून कुणी हुरळून जाऊ नये, एवढं मला वाटतं. फ्लॅटपॅकमध्ये मला बरं वाटलं ते याचसाठी. तिथे प्रोग्रॅमच्या सद्वर्तनावर काही अवलंबून नाही.

हे सगळं छान चाललेलं असताना मला अडचण आली ती आपल्या ब्लॉगर मंडळींमुळेच! वीस-बावीस वर्षांपूर्वी आपण एकमेकांचं लिखाण वाचायचो, तेव्हा आवडलेलं पान मी 'सेव्ह' करून ठेवत असे. त्यातली कितीतरी पानं आता जालावर सापडत नाहीत. काही लिहिणारेही राहिले नाहीत. अशी तीनशेच्या आसपास पानं माझ्याकडे आहेत. पान सेव्ह केलं की दोन गोष्टी तयार होतात हे तुम्हाला आठवत असेल. एक पानाची फाईल, आणि तिच्या शेजारी त्याच नावाचं फोल्डर, त्यात पानावरची चित्रं. फायरफॉक्स माझ्या विद्यार्थ्याने मुद्दाम फ्लॅटहबवरून घातलेला, म्हणजे फ्लॅटपॅकच्या दुकानातून. (मोझिला स्वतःच तो तिथे ठेवते.) या फायरफॉक्सला घरातलं फक्त डाऊनलोड्सचं फोल्डर दिसतं. त्यात मी एक जुनं पान उघडलं. मजकूर आला, आणि चित्रं सगळी गायब. फोटोंच्या जागी मोकळ्या चौकटी. दुसरं उघडलं, तेच. वरच्या पट्टीत पाहिलं तर तो निरर्थक अक्षरांचा पत्ता.

कारण आता तुमच्याही लक्षात आलं असेल. मी ओटीवर एकच कागद आणून दिला होता, पानाची फाईल. चित्रांचं फोल्डर हा दुसरा कागद. तो आतच राहिला. यंत्रणेने चोख काम केलं आणि माझं काम अडलं. चित्रपटाच्या फाईलशेजारी ठेवलेली उपशीर्षकांची फाईल प्रोग्रॅमला आपोआप सापडत नाही, तीही याच कारणाने. कुंपण बांधणाऱ्यांनी फाईल हा एकटा जीव धरला. माणसांच्या फायली कुटुंबाने राहतात.

विद्यार्थ्याला फोन केला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "बाई, फ्लॅटसील उघडा. डावीकडे फायरफॉक्स. उजवीकडे खाली या, ऑल युजर फाईल्स आहे ना, ते चालू करा. झालं काम."

फ्लॅटसील हा कोणत्या प्रोग्रॅमला कशाची मुभा आहे ते दाखवणारा आणि बदलू देणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. एकेक मुभेपुढे एकेक खटका. तो खटका मला सापडलाही.

मी विचारलं, "म्हणजे अख्खं घर?"

"हो. पण चित्रं दिसतील."

"आणि कागदपत्रं?"

"बाई, तुमच्या कागदपत्रांत कुणाला काय रस असणार?"

त्याचा स्वभाव मदतीचा, आणि दिवसाला चाळीस गिऱ्हाइकं. गिऱ्हाईक परत भांडायला येऊ नये म्हणून सगळेच दुकानदार हेच सांगतात. खटका चालू केला की काम होतं आणि पुन्हा कधी प्रश्न येत नाही. काम संपल्यावर तो बंद करायला कुणी परत येत नाही, हे मात्र मी दुसऱ्या एका ठिकाणी पाहिलेलं होतं.

२०२२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या फोनवर अनोळखी नंबरावरून एक संदेश आला. ओळखीतल्या एका मुलाचा फोटो, त्यावर अतिशय घाणेरडा मजकूर, आणि खाली 'हा चोर आहे, याला पैसे परत करायला सांगा'. मुलगा पोलादपूरकडचा, वडील मुंबईला नोकरीला. त्याने एका कर्जाच्या ॲपवरून चार हजार रुपये घेतले होते. ॲपने घेताना फोनमधले संपर्क आणि फोटो पाहायची परवानगी मागितली, त्याने 'अलाउ' दाबलं, कारण दाबल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. हप्ता चुकला तसे त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना हे संदेश गेले. मामाला, वर्गातल्या मुलींना, जिथे कामाला होता त्या मालकाला, मला. पोरगं महिनाभर घराबाहेर पडलं नाही. आईने त्याला एकटं सोडलं नाही, एवढं लिहिते आणि पुढचं लिहीत नाही.

मला तेव्हापासून एक गोष्ट खुपते आहे. परवानगी त्याने दिली, पण नंबर माझा होता. मला कुणी विचारलं नव्हतं. त्याला तरी कुठे नीट विचारलं होतं? पण ज्याने उत्तर दिलं तो एक, आणि ज्यांचं गेलं ते दोनशे.

हे प्रकरण देशभर इतकं झालं की रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जांबद्दल जे नियम काढले त्यात स्पष्ट लिहिलं, की कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फायली, फोटो, संपर्कांची यादी, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा वगैरे ओळख पटवायला एकदा, संमती घेऊन. गुगलनेही २०२३ च्या ३१ मेपासून आपल्या दुकानातल्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपांना संपर्क आणि फोटो पाहायला मनाई केली. उशिरा का होईना, झालं. आणि गंमत पाहा, अँड्रॉइडच्या २०२२ च्या १३ व्या आवृत्तीत फोटो निवडायची जी नवी खिडकी आली ती अगदी आपल्या पोर्टलसारखीच. यादी तुम्हाला दिसते, ॲपला फक्त तुम्ही निवडलेले फोटो मिळतात. त्याआधी २०१५ पर्यंत तर फोनवर ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. घ्या नाहीतर सोडा.

तर माझ्या 'कागदपत्र' फोल्डरात माझे कागद निम्मेच. बाकीचे तुमचे, आणि त्या मुलांचे, ज्यांनी मला बारावीनंतर पत्रातून घरच्या गोष्टी लिहिल्या आणि जी आता पन्नाशीची झाली. त्यांच्या वतीने खटका चालू करायचा अधिकार माझा नाही. म्हणून विद्यार्थ्याला म्हटलं, दुसरा मार्ग सांग.

दुसरा मार्ग होता, आणि तो काही फार अवघड नाही. फ्लॅटसीलमध्ये त्याच ठिकाणी 'अदर फाईल्स' अशी जागा आहे. तिथे आपण एकाच फोल्डराचं नाव लिहू शकतो, आणि नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं देऊन 'आर' आणि 'ओ' ही इंग्रजी अक्षरं लिहिली की ते फोल्डर नुसतं वाचता येतं, बदलता येत नाही. मी जुनी पानं 'जुनी पानं' याच नावाच्या फोल्डरात हलवली आणि फायरफॉक्सला तेवढं एक, तेही फक्त वाचायला दिलं. चित्रं आली. एका मैत्रिणीच्या पानावरचा अंगणातल्या सोनचाफ्याचा फोटो आला, तो मी बराच वेळ पाहत बसले. ती २०१४ साली गेली.

मग मला चाळाच लागला. एकेक प्रोग्रॅम घेऊन त्याच्या मुभा वाचायच्या. लिबरऑफिसची नवी आवृत्ती फ्लॅटपॅकची आहे, तिने तर येतानाच अख्खं घर मागून घेतलंय. याला कारण आहे. दस्तऐवज उघडला की ती शेजारी एक छोटी कुलपाची फाईल ठेवते, दस्तऐवजात जोडलेली चित्रं दुसऱ्या फोल्डरातून आणते. एकेक कागद ओटीवर आणून देण्याच्या पद्धतीत ती गुदमरते. जुन्या मोठ्या घरांत वाढलेले प्रोग्रॅम आहेत हे, त्यांना खोलीत राहायची सवय नाही. दुकानातल्या यादीत असल्या प्रोग्रॅमांपुढे सावधगिरीची खूण असते, पण ती पाहून कुणी परत फिरल्याचं मी ऐकलं नाही. माझं मत असं, की कुंपण आहे असं सांगून फाटक सताड उघडं ठेवणं हे कुंपण नसण्यापेक्षा वाईट. निदान कुंपण नसलं तर माणूस सावध असतो. मी लिबरऑफिसचा अख्ख्या घराचा खटका बंद केला, 'लिखाण' हे एक फोल्डर दिलं, आणि त्याचा जालाशी संबंधही तोडला. त्याचाही खटका आहे. पत्र लिहायला इंटरनेट कशाला? ज्याला वाचता येतं पण बाहेर बोलता येत नाही तो फारसं नुकसान करू शकत नाही. वाचायचं आणि बाहेर पाठवायचं, या दोन्ही मुभा एकत्र आल्या की लक्ष ठेवायचं.

काही दारं मात्र मुद्दाम सगळ्यांना उघडी ठेवली आहेत आणि ती आपल्या कामाची आहेत. फॉन्ट, उदाहरणार्थ. संगणकावर बसवलेले फॉन्ट कुंपणातल्या सगळ्या प्रोग्रॅमांना वाचायला मिळतात. रेड हॅटचा लोहित देवनागरी दिसतोच, आणि शाळेचे जुने अहवाल ज्या युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले आहेत तो शिवाजी फॉन्ट बसवल्यावर तेही वाचता आले. नाहीतर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. मराठी टंकनाची सोय त्याहून विचारपूर्वक केलेली आहे. लिनक्सवर आयबस नावाची यंत्रणा आपण दाबलेल्या कळांची मराठी अक्षरं करते. (त्यात इनस्क्रिप्ट तर आहेच, पण जुन्या मंडळींना ऐकून बरं वाटेल, गमभनची पद्धतही मिळते!) आता ही यंत्रणा सगळ्या खिडक्यांतलं टंकन पाहते, बँकेच्या पानावरचंसुद्धा. कुंपणातल्या प्रोग्रॅमला तिच्यापर्यंत थेट जाऊ दिलं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून तिच्यासाठीही वेगळं दार केलंय. प्रोग्रॅमला त्याच्यापुरती अक्षरं मिळतात, यंत्रणेचा ताबा मिळत नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र एक खोच आहे. फ्लॅटपॅक जागा वाचवायला प्रोग्रॅमाचे सगळे अनुवाद उतरवत नाही, संगणकाची जी भाषा ठरवलेली असेल तेवढेच उतरवतो. बहुतेकांचा संगणक इंग्रजीत. म्हणजे कुणीतरी मान मोडून केलेला मराठी अनुवाद तिथे पडून आहे आणि तो आपल्या यंत्रावर येतच नाही. मग लोक म्हणतात, मराठीत काही नाहीच! माझा संगणक मी मराठीवर ठेवलाय, तुम्हीही ठेवून पाहा.

आता एवढं कौतुक केल्यावर दोष सांगायला हवेत. आपल्या रायगडाची हिरकणी सगळ्यांना माहीत आहे. दिवस मावळता दरवाजे बंद झाले, दूध घालायला आलेली गवळण आत अडकली, आणि घरी तान्हं मूल म्हणून ती कडा उतरून गेली अशी कथा सांगतात. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधून वाट बंद केली. मी वर्गात ही गोष्ट आईच्या मायेची म्हणून शिकवत असे. आता ती मला दुरुस्तीची म्हणूनही दिसते. फ्लॅटपॅकच्या कुंपणातही २०२४ साली, एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा, अशा फटी सापडल्या. दोन्ही वेळा बुरूज बांधून झाला. पण ज्याने संगणक अद्ययावत केला नाही त्याच्याकडे कडा अजून मोकळाच आहे. तेव्हा त्या छोट्या ढालीच्या चित्रावर टिंब दिसलं की दाबत जा.

दुसरा दोष, माझ्या यंत्रावर पडदा रंगवायचं काम अजून एक्स-११ ही जुनी व्यवस्था करते. १९८७ सालची. तिच्यात एका खिडकीला दुसऱ्या खिडकीतलं टंकन ऐकू येतं. भिंती कितीही जाड बांधल्या तरी माळा सामायिक, असं काहीसं. वेलँड नावाच्या नव्या व्यवस्थेत हे बंद केलंय. तिथे पडदा दाखवायचा झाला तरी पोर्टलच विचारतं, कुठली खिडकी दाखवू. नातीशी बोलताना अख्खा पडदा दाखवायची गरज नाही, हे त्यात आपोआप येतं.

आणि तिसरी गोष्ट दोष म्हणावी का मला कळत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत स्नॅपच्या दुकानात बिटकॉइन ठेवायच्या एका नावाजलेल्या पाकिटाचं सोंग घेतलेला एक बनावट प्रोग्रॅम होता. कुंपणातला, सगळे नियम पाळणारा. त्याने फक्त एक चौकट दाखवली, तुमचे गुप्त शब्द इथे लिहा. एका माणसाने लिहिले आणि नऊ बिटकॉइन गेले, जवळजवळ पाच लाख डॉलर. कुंपण मोडलं नाही, फट सापडली नाही. कागद मालकानेच ओटीवर आणून दिला. मिंटने त्याच वर्षापासून, ज्यांच्या कर्त्यांची ओळख पटलेली नाही असे फ्लॅटहबवरचे प्रोग्रॅम आपणहून दाखवणं बंद केलं आहे. मला ते योग्य वाटतं. ओटीवर कोण बसलंय हे आधी बघायला हवं.

असो. आता नातेवाईकांसाठी कामाचं. 'कागदपत्र' फोल्डर मी स्कॅन करायचा प्रोग्रॅम सोडून फ्लॅटपॅकच्या कुठल्याही प्रोग्रॅमला दिलेलं नाही. लागेल तेव्हा एकेक कागद निवडून देते. मिंटबरोबर आलेले साधे प्रोग्रॅम अजून जुन्या रिवाजाने सगळं पाहू शकतात, ते कमी करत आणलेत. ज्यांना आपल्या प्रती माझ्याकडे नको असतील त्यांनी सांगा, मी पुसून टाकीन, राग मानणार नाही. ज्यांना नवे कागद ठेवायचे असतील त्यांनी दिवाळीला येताना पेनड्राइव्हवर आणा. पेनड्राइव्हही कुंपणातल्या प्रोग्रॅमला आपणहून दिसत नाही. फोनवरून फोटो काढून गटावर टाकू नका, तो गट एकवीस जणांचा आहे आणि त्यातले चार नंबर कोणाचे हे मला अजून कळलेलं नाही.

आणि एक राहिलं. फ्लॅटपॅकच्या खिडकीवर गेलं की माऊसचा बाण एकदम बारीक होतो, बाहेर आलं की पुन्हा मोठा. मी डोळ्यांसाठी मुद्दाम मोठा करून घेतलाय, पण आतल्यांपर्यंत ती सूचना काही पोचत नाही. विद्यार्थ्याने दोन उपाय करून पाहिले, उपयोग झाला नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलं असेल तर कळवा.